भीमसेनच्या लॉरीची केबिन

"ही नाही चालायची," खंडोजी केबिनच्या पत्र्यावर चापट मारून मागं सरला.

कलासिपाळ्यातल्या गुजरीत भंगाराच्या ढिगांतून तो सकाळपासून फिरत होता. मागं अंबुबाई पदर घट्ट धरून उभी. लॉरी तिच्या नवऱ्याची, भीमसेनची. लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली. तुमकूर रस्त्यावर ती चिंचेच्या झाडावर आदळली तेव्हा गाडीत दोघंच होते. भीमसेन गेला. मिस्त्री खंडोजी कोपर सोलवटून परत आला.

"भीमसेनला डुलकी लागली," एवढंच त्यानं पोलिसांना सांगितलं. बाकीचं वस्तीनं जोडलं. मेलेल्या ड्रायव्हरला दारुडा ठरवायला कुणाच्या बापाचं काय जातं? थोरल्या मुलीची सोयरीक त्याच बोलण्यावर मोडली.

खंडोजीला घास गोड लागत नव्हता. गाडी पुन्हा उभी करायची, चांगला ड्रायव्हर ठेवायचा, अंबुबाईचं घर चालतं करायचं, हाच ध्यास त्यानं घेतला होता.

"माझंच चुकलं अक्का. मी शेजारी होतो, त्याला जागं ठेवायला हवं होतं."

"तुम्ही काय करणार अण्णा? देवानं तुम्हाला तरी ठेवलं."

हे ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गुजरीवाला बसवंत वैतागला. "मिस्त्री, मॉडेल तेच, बोल्ट तेच. स्टेअरिंगचं चाक तेवढं उजवीकडं आहे. स्वल्प कापू, वेल्डिंग मारू. सरी? चालेल ना?"

"तुझ्या तोंडाला मार वेल्डिंग! घाटात चाक हातात आलं म्हणजे? असलं जोडकाम मी अक्काच्या गळ्यात बांधणार नाही."

"बापाची गाडी असल्यासारखी चिकित्सा करतोय," बसवंत पुटपुटला आणि मागच्या ढिगाकडं बोट दाखवून चहाला गेला.

तिथं ती सापडली. गंजलेली, पण पेडलची भोकंसुद्धा जिथल्या तिथं. खंडोजीनं तिच्यावरून हात फिरवला. किती दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

"हीच! या अक्का, बघा."

अंबुबाईनं नवऱ्याच्या लॉरीत कधी पाय ठेवला नव्हता. ड्रायव्हर लोक बाईमाणसाला पुढं बसवत नाहीत. पूजेच्या दिवशीही तिनं बंपरसमोरूनच ओवाळलं होतं. आज ती पायरीवर चढून आत डोकावली.

"चाक ह्या बाजूला कसं? ड्रायव्हर तर उजवीकडं बसतो ना?"

"इथल्या गाड्यांत. ही अमेरिकन, अक्का. आपल्या लॉरीचंही अस्संच, डावीकडं. म्हणून तर इतकी वणवण."

अंबुबाईची नजर चाकावरून पलीकडच्या उजव्या दारापर्यंत गेली. मग पायरीवरून उतरली, आणि पहिल्यांदाच तिनं त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"मग आमच्या मालकांना काढायला उजव्या दाराचा पत्रा का कापावा लागला, अण्णा?"