मधमाशीचा डोळा

“सासरी विचारतील तेवढंच सांगायचं, पोरी. न विचारलेलं पोटात ठेवायचं.” आईविना वाढलेल्या वृंदाची ओटी भरताना मावशी पुटपुटली होती. तीन वर्षं वृंदाने ते पोटातच ठेवलं. कळलं तर नवरा माहेरी नेऊन सोडेल, ही धास्ती उशाशी घेऊन निजली.

आणि आता त्याला हे खूळ! जुन्या कॅमेऱ्यातला फिल्टर काढून त्याने भिंगावर काळपट जांभळी काच बसवली होती. अतिनील किरणांचे फोटो काढायचे म्हणे. अंगणातलं पिवळंधमक सूर्यफूल फोटोत मधोमध काळंभोर निघालं. “मधमाशीला असं दिसतं बघ,” तो हरखला. “माणसाचंही तसंच. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कातडीवरचे डाग यात उठून दिसतात. चल, आता तू.”

“आले हं, तोंड धुऊन,” म्हणत ती आत पळाली, आणि उन्हात लावायचं क्रीम चेहराभर थापून आली.

कॅमेऱ्याचा खटका वाजला. तो हसत सुटला. “अगं, तव्याची काजळी फासलीस की काय? हे क्रीम अतिनील किरण गिळून टाकतं, वेडाबाई! पूस ते, दुसरा काढू.”

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा तिचा चेहरा डांबरासारखा काळा होता. ती पदराने कपाळ पुसू लागली. त्याने पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला.

“थांबा,” ती म्हणाली. “फोटोत दिसण्याआधी माझ्या तोंडून ऐका. माझ्या आईला कोड होतं. आणि माझ्याही कपाळावर, केसांखाली, पांढरा ठिपका पसरायला लागलाय.”