पाटीभर माती

बहात्तरच्या दुष्काळात आमची बैलं गेली, तेव्हापासून माझ्या रानाला नांगर लागला नाही. दुसऱ्याच्या दारात औत मागायला जाणारी मी न्हवं. खुरप्यानं टोकून ज्वारी लावायची. शेजारचा पुतण्या व्यंकट दर उन्हाळ्याला सोसायटीचा ट्रॅक्टर लावून रान खोल उलथायचा आणि मला हसायचा, "काकू, तुमच्या रानाचा माळ झाला की!"

एक दिवस तोच पाटी घेऊन बांधावर आला.

"काकू, जरा माती द्या. उद्या शेतीचे साहेब गांडुळं बघणार हाईत, माझ्या रानात एक बी घावंना."

"का रं, तुझ्या ट्रॅक्टरनं पिलं घातली न्हाईत व्हय?" म्हणलं, आणि दिली भरून.

व्यंकटच्या रानात ती माती उकरून साहेब लई खूश झाले. "खोल नांगरटीचा गुण!" म्हणाले, आणि बांधापलीकडचं माझं रान बघून हळहळले. मी बाजारातून येईस्तोवर सोसायटीच्या ट्रॅक्टरनं ते फुकटात उलथलं होतं. बाईची माती व्यंकटच्या मातीसारखी व्हावी, असा साहेबांचा हुकूम. व्यंकटला तोंड उघडायची सोय न्हवती.



झाली की! पुढच्या वर्षी उकरून बघितली, तर अगदी त्याच्यासारखीच. एक बी घावंना.