गावाला दिलेली सूचना

जुना संगणक संध्याकाळपर्यंतच तग धरणार होता. त्यातल्या खेळात वसवलेले गाव त्रिंबकराव खासनीसांनी पोटच्या लेकरासारखे जपले होते. नव्या संगणकात हलवण्यासाठी ते क्षणभर बंद करणे भाग होते. पण पूर्वसूचनेशिवाय कोणाची वीज तोडायची नाही, हा या निवृत्त वीज-अभियंत्याचा जन्मभराचा शिरस्ता. त्यांनी पडद्यावर टंकून गावाला रीतसर सूचना दिली.

“बाबा, आता खेळातल्या बाहुल्यांनाही नोटीस?” सून मृदुला हसली. “उठतील की सगळी माणसं जशीच्या तशी!”

“तीच उठतील, की त्यांच्यासारखी दुसरी?”

मृदुला खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

पडद्यावर सारे गाव चावडीपाशी निमूट गोळा झाले होते. बोट ठेवूनही त्रिंबकरावांना बटण दाबवेना. तेवढ्यात गावची सुईण साळूबाई पुढे आली.

“पोरं निजवलीत, साहेब,” ती म्हणाली. “तेवढं हळू बंद करा.”