पान बारावरचा पंप

"पान बारा!" पाहणीसाठी शाळेत आलेल्या हेमांगीताई म्हणाल्या आणि पाचवीच्या वर्गात एकतीस पुस्तकं उघडली. टेबलावरच्या आपल्या पुस्तकातून त्यांनी ओळ मोठ्याने वाचली : ‘शाळेचा पंप बंद पडला, लगेच दुरुस्ती सुरू झाली.’

ही नवी पुस्तकं वाचणाऱ्याच्या मनात जे उभं राहील, तेच चित्र ओळीखाली रंगवत. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत बायका किती आणि काय करताना दिसतात, हे मोजण्यात हेमांगीताईंची पंधरा वर्षं गेली होती. त्या वही घेऊन बाकांमधून फिरू लागल्या.

पहिल्या चित्रात पदर खोचलेली, हातात पाना घेतलेली बाई. दुसऱ्यात तीच. तिसऱ्यातही तीच! त्या वहीत भराभर रेघा ओढत गेल्या. एकतीसच्या एकतीस!

"अरे, ही आहे तरी कोण?"

"शेवंतामावशी!" सगळा वर्ग ओरडला. "आपली खिचडी करतात ना, त्या! पंप बिघडला की त्याच खोलतात."

हेमांगीताई अक्षरशः टाळ्या वाजवत टेबलाकडे धावल्या. तिथे पहिल्या बाकावरची कस्तुरा त्यांच्या उघड्या पुस्तकात डोकावून बघत होती.

"मॅडम, तुमच्या चित्रात हा मिशीवाला कोण आलाय? ह्याला जमतं का पंपाचं?"