शिट्टी ऐकल्याशिवाय

बोक्सिलने नावेत पाऊल ठेवले, मालजा मागच्या बाकावर बसलेली पाहिली आणि एक अक्षरही न बोलता ती पुढच्या टोकाला, नाळेपाशी जाऊन पाठ फिरवून बसली. मोसुल्पोच्या धक्क्यावरून पर्यटकांची ती नाव सुटली, तेव्हा तांडेल थेगिल सुकाणूमागे मान खाली घालून उभा होता. दोन्ही म्हाताऱ्यांना एकमेकींचा सुगावा लागू न देता बोलावण्याचा अपराध त्याचा होता. मालजा उद्या इंचॉनला, मुलाच्या घरी, कायमची निघणार होती. जाण्यापूर्वी बोक्सिलने एक शब्द तरी बोलावा, एवढेच तिला हवे होते.

सतरा वर्षे तो शब्द आला नव्हता. तत्पूर्वी चाळीस वर्षे दोघी पाण्यावर आपापला तरंगा, म्हणजे जाळी बांधलेला तरंगता गोळा, सोडून एकाच पाण्यात बुड्या मारून शंख काढीत. अशा जोडीचा नियम एकच असतो: बुडी मारलेली बाई वर येते आणि कोंडलेला श्वास सोडते, तेव्हा तिच्या ओठांतून शिट्टी निघते; जोडीदारणीची ती शिट्टी कानी पडल्याशिवाय दुसरीने पाण्याबाहेर पडायचे नाही. एका नोव्हेंबरात बोक्सिलच्या मनगटाला बांधलेला लोखंडी आकडा खडकाच्या फटीत अडकला. दोरी कापून ती कशीबशी वर आली, तेव्हा मालजा किनाऱ्यावर, शंख वजनाला लावण्याच्या रांगेत, पहिली उभी होती.

भूशिर ओलांडल्यावर डॉल्फिन दिसले. थेगिलने यंत्र बंद केले. सोलहून आलेल्या सात-आठ प्रवाशांनी फोन उंचावले. कळप सरळ नावेच्या रोखाने येऊ लागला आणि त्याच क्षणी नावेच्या दोन टोकांहून दोन फाटके आवाज एकदम उठले, "पोटाखालून जा, पोटाखालून!" अंगावर न येता खालून निघून जा, ही पाणबुड्या बायकांची डॉल्फिनांना जुनी विनवणी. कळप नावेखाली गेला आणि पलीकडे वर आला.

आजींनी त्यांना शिकवून ठेवले आहे काय, असे एका तरुणीने विचारले.

"हो तर," बोक्सिल मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचेल अशा बेताने म्हणाली. "काही माणसांपेक्षा बरं ऐकतात ते."

मालजाने तेवढेही पदरात घेतले. टोमणा का होईना, तो तिच्यासाठी होता.

दोघी पूर्वी जिथे बुड्या मारीत, त्या खडकाच्या आडोशाला नांगर पडला. थेगिलने सर्वांना नारिंगी जाकिटे, काचेचे मुखवटे आणि श्वासाच्या नळ्या वाटल्या. तुझ्या आईला पोहायला मी शिकवले आणि तू मला तरंगायला शिकवणार काय, असे मालजाने त्याला विचारून पाहिले. परवाना जाईल, एवढेच तो म्हणाला. मग तीही इतरांसारखी पाण्यावर पालथी पडली. खाली पाठीला पोक आलेला तोच खडक होता, त्याच्या अंगावर तेच तपकिरी शेवाळ डुलत होते, निळ्या मासोळ्यांचे थवे त्यातून जात-येत होते. शंखही जागच्या जागी होते. हात तेवढे पोहोचत नव्हते. खाली वळू पाहावे, तर जाकीट तिला बुचासारखे वर ढकलीत होते.

तिने डोके उचलले. वीसेक हातांवर बोक्सिलचे नारिंगी जाकीट रिकामे तरंगत होते.

मालजाने तोंडातली नळी काढली आणि कान पाण्याकडे लावला. एक बुडी होईल इतका वेळ गेला. मग दोन होतील इतका. थेगिलने प्लास्टिकची शिट्टी फुंकून सर्वांना परत बोलावले. प्रवासी एकेक करून शिडी चढले. मालजा हलली नाही.

थेगिल कठड्यावरून वाकला. "आजी, चला ना वर. त्या केव्हाच आल्यात. नळी तोंडात ठेवूनच पलीकडच्या अंगाला टांगलेल्या टायरवरून चढल्या. बघा, बार्लीचा चहा पितायत."

मालजाने पाहिले. टॉवेल गुंडाळून, हातात पेला घेऊन बोक्सिल बसली होती.

"पीत असेल," मालजा म्हणाली. "मी शिट्टी ऐकली नाही."

"अहो, समोर दिसतायत की डोळ्यांना."

"त्या दिवशीही तिचा तरंगा हलताना दिसला होता मला. दिसलं तेवढ्यावर किनाऱ्याला चढले."

बोक्सिलने पेला बाकावर ठेवला. उभी राहून तिने ओठांचा चंबू केला आणि फुंकले. नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकले, पुन्हा हवाच. ती शिट्टी कोरड्या छातीतून निघत नाही, हे तिथे दोघींनाच ठाऊक होते.

तिने टॉवेल सोडला. थेगिलने जाकीट पुढे केले. ते तिने परत त्याच्याच छातीशी दाबले आणि ती टायरवरून पाण्यात उतरली. कमरेत वाकली, पाय क्षणभर सरळ आभाळाकडे झाले, आणि पाणी मिटले.

मालजा शिडीपासून दोन हात दूर तरंगत राहिली. प्रवासी कठड्याशी गोळा झाले. एकाने फोनवर वेळ पाहिली आणि फोन खिशात घातला.

मग मालजाच्या उजव्या खांद्यापाशी पाणी फुटले आणि लांब, बारीक, मध्येच चिरकलेली शिट्टी खडकावर जाऊन परत आली.

मालजाने शिडीचा दांडा धरला. "किती उशीर, ताई," ती म्हणाली.

बोक्सिलने डोळ्यांवरचे पाणी निपटले. "फट खोल होती," ती म्हणाली. "चढ आता."