पाठमोरी

बाहुलीची पाठ भिंतीबाहेर होती आणि चेहरा भिंतीत. बोटाएवढी, भाजलेल्या मातीची, पाठीवर काडीने कोरलेली वेणी. सहा हजार वर्षांनी त्या वेणीला ऊन लागलं होतं, आणि तेही यार्मिलाच्या हातून.

"शेवटच्याच दिवशी सापडायची होती का ही!" खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसलेली स्नेझाना म्हणाली. उत्खनन तिचं होतं. "यार्मिलाआजी, कमाल केलीत. आता थापी ठेवा खाली."

"चेहरा राहिलाय."

"तो भिंतीत आहे, आजी. भिंतीची मोजमापं झाली, परवाना आज संपतोय. आता तिला नखही लावायचं नाही."

भिंत म्हणजे दोन खड्ड्यांच्या मधे मुद्दाम राखलेली मातीची पट्टी, छातीएवढी उंच. मातीचे थर तिच्यावर वाचायचे असतात, म्हणून तिला कुणी हात लावायचा नसतो. महिनाभर यार्मिलानेच हे तरुण पोरांना दरडावून सांगितलं होतं. आता बोलायला तोंड कुठे होतं?

"पुढच्या वर्षी ही भिंत काढायचीच आहे," स्नेझाना समजुतीने म्हणाली. "मी फोटो पाठवीन तुम्हाला. चांगला मोठा करून."

पुढच्या वर्षीचा फोटो यार्मिलाच्या काय कामाचा? तिचा डावा डोळा हिवाळ्यातच कामातून गेला होता. उजव्याच्या मधोमध एक डाग बसला होता आणि तो पसरत होता; कुठलीही गोष्ट ती आता मान तिरकी करून बघायची. वर्षभरात समोरच्याचा चेहराही दिसणार नाही, असं तिकडे घरी, चेक देशातल्या ब्र्नो शहरात, डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. इथे बल्गेरियात हौसेने खोदकामाला आल्यावर तिने याचा पत्ता लागू दिला नव्हता, नाहीतर पहिल्याच दिवशी तिला खापरं धुवायला बसवलं असतं. आणि आता सांगावं, तर तिने महिनाभर जिथे जिथे ब्रश फिरवला ती एकूण एक जागा संशयात आली असती. सांगायची सोयच उरली नव्हती.

वर दोब्री आणि गावातले चौघे फावडी घेऊन उभे होते. हंगाम संपला की खड्ड्यात कापड अंथरून माती परत लोटायची, नाहीतर पाऊस आणि बर्फ सगळ्याची वाट लावतात. यार्मिलाचं चेक आणि यांचं बल्गेरियन ही लांबची भावंडं. निम्मं कळायचं, उरलेलं हातवाऱ्यांवर भागायचं.

"आजी, निघा आता," दोब्री वरून ओरडला. "नाहीतर तुम्हालाही पुरतो. सापडाल कुणाला तरी सहा हजार वर्षांनी."

"माझे दात बघून चक्रावतील रे ते. प्लास्टिकचे आहेत."

सगळे खो खो हसले. यार्मिलाही हसली, पण तिची नजर भिंतीवर होती. उन्हाने भिंतीच्या त्या कोपऱ्याला तडा गेला होता. नुसता खांदा लागला तरी तो ढासळला असता, आणि मग ढेकळांतून बाहुली उचलण्यावाचून कुणाला गत्यंतर उरलं नसतं.

आजी पडणार, ही इथे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून धास्ती. शिडीपाशी दोब्रीने हात पुढे केला की ती तो झिडकारायची. "जन्मभर ट्राम चालवलीय मी. मला उतरायला शिकवू नकोस." आता तीच धास्ती तिला कामाची वाटली. म्हातारीचा पाय घसरला, तर तिला कोण बोल लावणार? उलट पाणी आणून देतील. महिनाभर मिरवलेला ताठा तेवढा मातीत जाईल. जाऊ दे.

तिला स्वतःची लाज वाटली. तरीही ती भिंतीकडे सरकली.

दोब्री तिची बादली न्यायला खाली उतरला होता. यार्मिलाने एक पाऊल टाकलं, दुसरं मुद्दाम वाकडं टाकलं, आणि खांदा भिंतीच्या दिशेने सोडून दिला.

ती भिंतीपर्यंत पोचलीच नाही. दोब्रीचा हात कमरेला पडला, स्नेझानाने वरून उडी टाकून दंड धरला, आणखी कुणी तरी मागून सदऱ्याला लटकलं. क्षणभर ती भिंतीपासून वीतभर अंतरावर अधांतरी राहिली. बाहुलीची वेणी अगदी नाकासमोर होती.

"धरली!" दोब्री गरजला. वर टाळ्या पडल्या.

त्यांनी तिला अलगद वर आणलं. खुर्ची आली, गार ताक आलं. स्नेझाना तिच्या सदऱ्यावरची माती झटकू लागली. "देव पावला. तुम्ही वाचलात आणि भिंतही वाचली."

"मला पुन्हा खाली जाऊ दे," यार्मिला म्हणाली. "एकदाच."

"आता? अजिबात नाही, आजी."

यार्मिलाला रडू फुटलं. पडता पडता वाचल्यावर माणूस रडतंच, असं समजून स्नेझाना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दोब्री समोर येऊन उभा राहिला, कपाळावरचा घाम निपटत. "आता सांगायला हरकत नाही. महिनाभर पाळ्या लावल्या होत्या आम्ही. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलंय तुमच्यावर. एकदा म्हणून पडू दिलं नाही!"

तो शाबासकीची वाट बघत होता. यार्मिलाने मान तिरकी करून त्याचा चेहरा सावकाश बघून घेतला.

"उपकार झाले रे," ती म्हणाली.

डोळ्यांवर ऊन नको म्हणून त्यांनी तिची खुर्ची खड्ड्याकडे पाठ करून ठेवली होती. मागे कापडावर पहिल्या फावड्याची माती पडली.