बॉनेटखालची रिकामी जागा

किल्ली फिरवली की दिवे लख्ख लागत होते, पण इंजिन ढिम्म. साधं टक्कसुद्धा नाही.

शेजारच्या काकू कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने कुंपणाशी आल्या. काय चाललंय ते त्यांना ठाऊक होतं. काल संध्याकाळीच भिंतीपलीकडून कानावर आलं होतं, "अकराच्या आत पोचलं नाही, तर खोली दुसऱ्याला देतील." सुनेला सातवा महिना. दोन खोल्यांत किती दिवस रेटणार? मुलगा-सून वेगळी होणार, हे काकूंनी तेव्हाच ताडलं.

आणि बॉनेटमध्ये डोकं घालून कोण उभं, तर सासरे! जन्मभर गाड्यांचं वायरिंग केलेले, गल्लीचे आबा.

"बॅटरी ठणठणीत आहे," टेस्टलॅम्पची वायर टेकवत आबा म्हणाले. "अर्थिंगही बरोबर."

सून पायरीवर बसली होती, शेजारी बॅग, डोळे रडून लाल. मुलगा एक हात खिशात घालून फेऱ्या मारत होता.

"राहू दे ना आबा. आज नाही तर नाही."

"शब्द दिलाय ना आपण? मग?"

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. काय हा साळसूदपणा! पोरं जाऊ नयेत म्हणून यांनीच काहीतरी काढून ठेवलं असणार. घरात दुसऱ्या कोणाला कळतंय त्यातलं? त्यांना राग आला, आणि वाईटही वाटलं. म्हातारपणी एकटं राहायचं म्हणजे काय, ते त्यांना चांगलं माहीत होतं.

आबांनी फ्यूजच्या पेटीचं झाकण उघडलं आणि जरा थांबले.

"स्टार्टरचा रिलेच नाही. एवढासा चौकोनी डबा असतो, तो कोणीतरी उपटलाय."

"पडला असेल कुठेतरी," मुलगा म्हणाला.

"तो पडत नाही. काढावा लागतो."

काकूंना राहवलं नाही. "आबा, टाका की लावून! जाणाऱ्याला असं अडवू नये हो."

"अगदी बरोबर बोललात," आबा म्हणाले. त्यांनी शेजारचा हॉर्नचा रिले उपटला. तो त्याच मापाचा होता. रिकाम्या जागी दाबून बसवला. "फिरव रे किल्ली."

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. सुटली बाई पोरं एकदाची, असं म्हणत काकूंनी सुस्कारा सोडला. सून मात्र हुंदके देऊन रडायला लागली.

आबांनी हात पुसले. सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्याजवळची बॅग उचलली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

"हॉर्न वाजणार नाही, जपून चालव," ते मुलाला म्हणाले. "आणि मला वृद्धाश्रमात सोडून आलास, की तुझ्या खिशातला तो रिले हॉर्नच्या जागी लाव."